देगचीतली जाई

हिंगोली,
आषाढ शुद्ध ९, शके १८६२

तीर्थस्वरूप गंगूताईच्या पायांवर धाकट्या मार्तंडाचं डोकं.

पत्राला उशीर झाला, रागावू नको. रागवायचंच असेल तर पत्रातून रागाव, म्हणजे निदान तुझं पत्र तरी येईल. प्रेमा बरी आहे, नमस्कार सांगते.

उशिराचं कारण ऐकशील तर हसशील. आमच्या अदालतीमागं जुन्या छावणीतला एक बंगला आहे. हल्ली तिथं हैदराबादेहून बदलून आलेले एक साहेब राहतात. त्यांच्या फाटकावर जाईचा वेल चढलाय. ताई, काय सांगू तुला! दिवस कलला की कळ्या उकलायला लागतात आणि वास खिडकीतून सरळ माझ्या टेबलावर येतो. समोर माणसं बांधावरून भांडून राहिलेली असतात आणि मी कनेरगावात, आपल्या अंगणात असतो. आई ओल्या फडक्यात कळ्या घेऊन बसलीय, तू तिच्या पाठीला टेकलीयस, आणि मला कुणी गजरा करू देत नाही म्हणून मी रुसलोय. टाक दौतीत बुडवतो आणि लिहायचं विसरतो. परवा फिर्यादीच्या जागी आरोपीचं नाव लिहिलं. मुन्सिफसाहेब म्हणाले, "मार्तंडराव, तबियत बरी आहे ना?"

माळ्यानं फांद्या मातीत दाबून रोपं केलीत. त्यातलं एक फाटकाजवळच, बुडाशी चेपलेल्या जुन्या तांब्याच्या देगचीत लावलंय. रोज जाता-येता दिसतं. आई असती तर केव्हाच पदराखाली घालून आणलं असतं.

तुझा,
मार्तंड

•

जवळा बाजार,
आषाढ वद्य २

चिरंजीव मार्तंडाला आशीर्वाद, आणि एक चापट.

अदालतीत बसून फुलांचे वास घेतोस? तुझा पगार सरकार याच्यासाठी देतं व्हय रे? मी तुला गजरा करू देत नव्हते कारण तू कळ्या खायचास.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना डोळा लागला, तर आई स्वप्नात आली. अंगणात उभी राहून इकडं तिकडं वास घेतला आणि "गंगे, इथं काहीच नाही का गं?" असा चेहरा करून निघून गेली. उठले तेव्हा उशी ओली होती. तुझ्यापाशी काय लपवायचं. बारा वर्षं झाली माझ्या कपाळाचं पुसून. मला माळायची नाही रे जाई, आणि कुणी माळू देणारही नाही. पण देवाला चार फुलं, आणि संध्याकाळी ओट्यावर बसलं की नुसता वास. एवढं मागणं फार आहे का?

तुला ठाऊकच आहे, जाई मागून आणली तर लागत नाही. चोरूनच आणावी लागते. आणि मालकानं पाहिलं तर त्यानं तोंड फिरवायचं, ही रीत. आईनं आपला वेल शेजारच्या नर्मदाकाकूंच्या परसातून उचलला, तेव्हा काकू समोरच होत्या. पाठ करून बसल्या आणि सारवलेली भिंत पुन्हा सारवू लागल्या.

तुझ्या हातून काही ते होणार नाही. तू लहानपणी चोर-पोलिसात चोर झालास की रडायचास. कुंपणाच्या कामाला माणूस लावलाय, त्याच्याकडून अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा मात्र खणून घेतलाय. बघू.

ताई

•

हिंगोली,
श्रावण शुद्ध ४

ताई, सादर प्रणाम.

अगं, गंमत ऐक. तुला लिहिलेली ती देगची चोरीला गेली! माझ्या पत्राचा विषयच पळाला. भर दुपारी, छावणी सगळी पेंगत असताना एका माणसानं उचलली आणि औंढ्याच्या वाटेला लागला. नाक्यावर नेमसिंग शिपायानं धरला. डोक्यावर देगची, देगचीत वेल, वेलाला तीन फुलं, आणि हा आपला वरातीत चालल्यासारखा चाललेला. नेमसिंग म्हणतो, रोपाचं सोंग करून तांबं नेत होता. मलाही तसंच वाटतं. रोपासाठी कोण एवढा मार खाईल?

माणूस तुमच्या जवळ्याचाच आहे. लखमा नाव. ओळखतेस का?

बिचाऱ्याचं काही खरं नाही. नुसत्या देगचीचे तीन महिने झाले असते. पण याच्या नावावर आधीच्या दोन सजा आहेत. दहा वर्षांपूर्वी ज्वारीची कणसं खुडली म्हणून एक, आणि सहा वर्षांपूर्वी पितळेचा तांब्या चोरला म्हणून दुसरी. दोनदा चोरीत सजा झालेला तिसऱ्यांदा सापडला की कायदा त्याला मुरलेला चोर धरतो. मग मुन्सिफसाहेब खटला परभणीला वरच्या अदालतीत पाठवतात आणि तिथं वर्षांचीच बात. पाच, सात, किती ते देवाला माहीत. त्या मागच्या सजांची याद, म्हणजे तारीखवार यादी, तयार करायचं काम माझ्याकडं आलंय. माझं अक्षर चांगलं ना!

आरोपात फक्त "तांब्याची देगची, एक" असं आलंय. फुलाचा कागदावर पत्ताच नाही. मला उगीच चुटपूट लागली.

मार्तंड

•

जवळा बाजार,
श्रावण शुद्ध ९

चिरंजीव मार्तंडास आशीर्वाद.

पत्र पोचलं. इथं पाऊस बरा आहे. बंडोपंत भाऊजींचा गुडघा दुखतो. ह्या बाजारगावात लखमा नावाची माणसं कितीतरी, मी कुणाकुणाला ओळखणार?

एक सहज विचारते. एखाद्याला दुसऱ्या कुणी सांगितलं असेल की अमुक आण, तर सजा कुणाला होते? सांगणाऱ्यालाही होते का? का फक्त ज्यानं उचललं त्यालाच?

आणि ते रोप कुठं आहे आता?

ताई

•

हिंगोली,
श्रावण वद्य १

ताईस,

तुझं एवढं छोटं पत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. बरी आहेस ना?

रोप मुद्देमालाच्या खोलीत, देगचीसकट. चिठ्ठी चिकटवलीय. मी रोज तांब्याभर पाणी घालतो. खोलीत उजेड कमी, तरी परवा एक कळी आली. कुऱ्हाडी, काठ्या, रक्ताचे कपडे, आणि मधोमध ती.

आता जे लिहितो ते प्रेमाशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. याद करायला जुनी फाईल काढली. सहा वर्षांपूर्वीची, त्या पितळेच्या तांब्याची. उघडली तर अक्षर माझंच. "गुन्हा कबूल" असं छान वळणदार लिहिलेलं. आणि वाचता वाचता सगळं आठवलं गं. अदालतीसमोरच्या लिंबाखाली एक पोरगेलासा माणूस उकिडवा बसला होता. म्हणत होता, तांब्या कयाधूच्या वाळूत सापडला, चोरला न्हाई. साक्षीदार कुणी नाही. तारखा पडणार, मृगाची पेरणी तोंडावर आलेली. मीच त्याला म्हणालो, "अरे, कबूल करून टाक. दोन महिन्यांत सुटशील. खटला लढवत बसलास तर वर्ष जाईल." मला वाटलं, मी त्याच्यावर उपकार करून राहिलोय. घरी जाऊन पोटभर जेवलो असेन.

काल कोठडीपाशी गेलो. त्यानं मला लगेच ओळखलं.

"साहेब, तुमीच सांगितलं व्हतं, दोन महिन्यांचं काम हाय. दोन महिने तर भोगले म्या. ते पुन्यांदा काहून मोजतेत?"

मी विचारलं, देगची कशाला नेलीस? तर म्हणाला, "देगची न्हाई साहेब, जाई नेली. मुळं हलू नये म्हून भांड्यासकट उचलली. माघारी आनून देनार व्हतो देगची." कुणी सांगितलं होतं? तर मान खाली. "नाव न्हाई घेनार. बाईमाणूस हाय. आब्रूचं घर हाय."

ताई, मी तुला काही विचारत नाही. सुनावणी भाद्रपद शुद्ध तृतीयेनंतरच्या सोमवारी आहे.

याद अजून लिहून दिलेली नाही. काल प्रेमा म्हणाली, "तुमचं अक्षर फार सुंदर हो. माणूस मेला तरी ते पुसायचं नाही." आणि ताट वाढून आत निघून गेली.

मार्तंड

•

जवळा बाजार,
श्रावण वद्य ७

मार्तंडा,

बाळा, विचारत नाहीस हेच फार झालं. मीच ती. मीच, गंगू, तुझी शहाणी ताई.

लखमा माझ्याच कुंपणाला होता. हिंगोलीला बाजाराच्या गाडीबरोबर जायचा होता. मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. फाटक कुठलं, रोप कुठलं, सगळं. तो म्हणाला, "साहेबास्नी मागून आनतो की, पाया पडून." तर मी काय म्हणाले ठाऊक आहे? "मेल्या, मागून आणलेली लागत नाही. चोरूनच आण." हसत हसत म्हणाले रे. मग म्हणाला, "बाई, म्या तर शप्पथ खाल्लीया." मला काय ठाऊक कसली शपथ! म्हणाले, फुलाला कसली रे चोरी, आमच्या आईनंही चोरली होती. त्यानं हातातली काठी कुंपणात रोवली. मग "तुमी म्हनता तर" म्हणून गेला.

आईनं चोरली तेव्हा तिच्या नावावर मागचं काही लिहिलेलं नव्हतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. हैदराबादच्या माणसाला तोंड फिरवायची रीत कुठून ठाऊक असणार, हेही आलं नाही. सगळा देश म्हणजे कनेरगावचं आपलं अंगण असं धरून चालले मी.

लखमाला धरल्याचं तुझं पत्र आलं तेव्हा मी घाबरले. अदालत, साक्ष, पुरुषांची गर्दी, आणि मी सोवळी बाई. म्हणून खोटं लिहिलं, लखमाला ओळखत नाही म्हणून. लिहिलं आणि अंगणात आले, तर रूपाबाई खड्ड्यापाशी उभी. लखमाची बायको. कडेवर पोरगी, हातात मडकं. खड्ड्यात पाणी घालून राहिली होती. म्हटलं, "काय गं हे?" तर म्हणे, "त्यांनी सांगितलं व्हतं, रोप येईस्तोवर खड्डा वला ठेव. ते येतेत की." रोज येते. माझ्याकडं बघते, पण एक शब्द बोलत नाही. बोलली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी इतके दिवस तिला आतून बघितलं आणि आज लिहायला बसले.

मी येते आहे. भाऊजी म्हणाले, ह्या घरातली बाई अदालतीची पायरी चढणार नाही. मी म्हटलं, पायरी चढणार नाही तर गडगा ओलांडून जाईन. गाडी सांगितलीय. मी माझं बोलते. तुझं तू बोल. नोकरीचं काय होईल ते होईल, दोन घास माझ्या घरी आहेत.

याद लिहायची ती खरी लिही. पण सगळी लिही.

ताई

•

हिंगोली,
भाद्रपद वद्य ३

ताई,

तू निकालापर्यंत थांबली नाहीस. काल निकाल झाला. आधी तुला तेच सांगतो: खटला परभणीला गेला नाही. लखमाला एक वर्ष, सांगणाऱ्याला काही नाही.

सात नाही, एक. तरी रडू येतं ना? मलाही आलं. मुन्सिफसाहेबांनी सरळ सांगितलं, देगचीचे तीन महिने, बाकीचे नऊ मागच्या कागदांचे. म्हणाले, "ह्या बाईंच्या साक्षीवरून आरोपीचा देगचीवर डोळा नव्हता हे मी धरतो, म्हणून खटला वर पाठवत नाही. पण दोन सजा माझ्यासमोर आहेत, त्या मला न दिसल्यासारखं करता येत नाही." मी माझ्या लिंबाखालच्या शहाणपणाचं लेखी दिलं होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून म्हणाले, "हे सहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं, मार्तंडराव. तो निकाल आता मला उघडता येत नाही." मला ताकीद मिळाली, नोकरीच्या कागदात नोंद झाली. म्हणजे माझीही याद सुरू झाली म्हण ना.

तू पदर घट्ट घेऊन उभी होतीस, म्हणून तुला दिसलं नसेल. साहेबांनी विचारलं, "बाई, मागितलं असतं तर रोप मिळालं नसतं का?" आणि तू म्हणालीस, "मिळालं असतं, साहेब. पण लागलं नसतं." सगळी अदालत हसली. दोन माणसं हसली नाहीत. एक मुन्सिफसाहेब. दुसरे ते बंगलेवाले साहेब, ते खिडकीबाहेर बघत होते.

लखमाला मी निकाल समजावून सांगितला. तो म्हणाला, "बाईस्नी काहून आनलं हितं? म्या नाव घेतलं नव्हतं." एवढंच.

आता खरी गोष्ट. देगची आणि रोप मालकाला परत गेलं. आज दुपारी बंगल्यावरून येत होतो, तर देगची फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला ठेवलेली. आत ओसरीवर साहेब खुर्चीत बसलेले. त्यांनी मला बघितलं. मी त्यांना बघितलं. ते उठले, खुर्ची उचलली, भिंतीकडं तोंड करून ठेवली आणि तिच्यात पाठमोरे बसले.

ताई, मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं. चाळीस वर्षांचा माणूस मी! उपरणं पसरलं, रोप मातीच्या ढेपेसकट अलगद काढून त्यात बांधलं, आणि देगची तिथंच ठेवून चालायला लागलो. धावलो नाही, पण चाललो असंही म्हणता येणार नाही. पाठीमागं कुणी हाक मारली नाही.

घरी आल्यावर सुचलं. मला नेमसिंगनं धरलं असतं तर काय झालं असतं? पहिलाच गुन्हा, इज्जतदार माणूस, समज देऊन सोडून दिलं असतं. लखमानं केलं तेच मी केलं. फरक काय तो माझ्या हातच्या एका कागदाचा. त्या कागदावर आज तिसरी ओळ लिहिली. "तांब्याची देगची, एक" आणि त्यापुढं, कुणी सांगितलं नसताना, "जाईच्या रोपासाठी" असंही लिहिलं. पुढं कधी कुणी वाचलं तर त्याला वास तरी यावा.

रोप उद्याच्या गाडीनं येतंय. चोरीचं आहे, नक्की लागेल.

मार्तंड

•

जवळा बाजार,
भाद्रपद वद्य ५, शके १८६३

चिरंजीव मार्तंडास, आणि प्रेमाला, उदंड आशीर्वाद.

वर्षभर तुला धड पत्र लिहिलं नाही, आज लिहिते. जाई कुंपणावर चढून माझ्या खिडकीपर्यंत आलीय. रोज पहाटे खाली सडा असतो. परवा आई पुन्हा आली होती स्वप्नात. ह्या खेपेला कोपऱ्यात गेली, नाक वर केलं आणि हसली. मी हाक मारली तर बोटानं गप्प बस म्हणाली, जशी तू पाळण्यात झोपलास की म्हणायची. दिवसभर मी त्या हसण्यातच होते. दूध उतू गेलं, तेही कळलं नाही.

ते रूपाबाईनं सांगितलं. आणि हो, लखमा सुटून आला. वर्षभर ती माझ्याकडंच होती, खड्ड्याला पाणी घालता घालता वेलाला घालू लागली. बोलतेही आता, थोडं.

काल संध्याकाळी तो आला. वाळलाय. फाटकाबाहेरच उभा राहिला. मी म्हटलं, "अरे ये की आत, बघ तुझी जाई." तर म्हणाला, "हितून दिसतीया बाई, बराबर दिसतीया." मी त्याचे पाय धरायला पुढं झाले, तर तो इतका घाबरला की मागं सरकून बाहेर सोडलेल्या बैलगाडीच्या चाकावर आदळला. म्हणे, "असं करू नगा, कुनी बघंल." रूपाबाईनं हात धरून त्याला आत आणला. वेलाखाली फुलांचा थर पडला होता. तो बघत राहिला. मग हळूच विचारलं,

"बाई, खाली पडलेली हायेत. पोरीसाठी दोन उचलू का? कुनी लिहून तर न्हाई ठेवनार?"

मार्तंडा, म्हटलं, आपली रीत करावी. मी पाठ केली, भिंतीकडं तोंड केलं, आणि नर्मदाकाकूंसारखी सारवलेली भिंत हातानं सारवत उभी राहिले. उचल रे, म्हटलं मनात, सगळी उचल, ओंजळी भर, मी बघत नाही. पाठीमागं वेल फुलला होता, वास नुसता अंगावर येत होता. मी उभीच राहिले. दिवेलागण झाली तेव्हा वळले.

तो फाटकाबाहेर जाऊन उभा होता, दोन्ही हात पुढं, रिकामे, मला दिसतील असे धरून. फुलं होती तिथंच होती.

तुझी ताई